डोळ्यांतून पाणी गळतंय आणि डॉक्टर म्हणतात डोळे कोरडे!

पत्र जळगावहून आलंय, लांबलचक आहे, त्यातला कामाचा भाग तेवढा देते:

"ताई, मी ४७ वर्षांची, एका पतसंस्थेत अकाउंट्स बघते. दिवसभर कॉम्प्युटर, येताजाता स्कूटी, घरी आलं की मोबाईल. मार्चएंडपासून डोळे सारखे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखं खुपतं, संध्याकाळी लाल होतात आणि सारखं पाणी येतं. सकाळी उठल्यावर पापण्या चिकटलेल्या. मेडिकलवाल्याने थेंब दिले, टाकले की पाच मिनिटांत डोळे पांढरेशुभ्र, पण दोन तासांनी परत लाल, आणि आता तर आधीपेक्षा जास्त. सर्दीसाठी रोज रात्री सेट्रिझिन चालू आहे. पाळी पण मागेपुढे व्हायला लागलीय, त्याचा संबंध नसेल पण सांगून ठेवते. सासूबाई म्हणतात गुलाबपाणी घाल, ऑफिसातली मैत्रीण म्हणते ब्लू कट चष्मा घे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले तर दोन मिनिटांत 'ड्रायनेस आहे' म्हणाले आणि एक बाटली लिहून दिली, ती तशीच पडून आहे. पाणी गळतंय तरी कोरडे कसे, हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत. मला तू म्हणा, धाकटी बहीण समजा."

बरं, तू म्हणते. आधीच सांगते की मी डॉक्टर नाही, सरकारी दवाखान्यात नेत्र चिकित्सा अधिकारी होते, म्हणजे चष्म्याचे नंबर काढणं, डोळ्याचं प्रेशर बघणं, शिबिरात मोतीबिंदू शोधणं हे सगळं आयुष्यभर केलं. ऑपरेशन करणारे डॉक्टर वेगळे, पण बाहेर बाकावर बसलेल्या माणसांचं ऐकून घ्यायला डॉक्टरांपेक्षा मलाच जास्त वेळ मिळायचा, आणि तुझा हा प्रश्न मी त्या बाकावर इतक्या वेळा ऐकलाय की त्याचं उत्तर तोंडपाठ आहे.

पाणी येतं तरी कोरडे कसे? लोणच्याची बरणी आठव. वर तेलाचा थर असतो ना, फोडी तेलात बुडलेल्या असल्या की वर्षभर काही होत नाही आणि तेल कमी पडलं की वरच्या फोडी आधी सुकतात. डोळ्याचं अगदी तसंच आहे. बुबुळावर अश्रूंचा एक पातळ पडदा कायम पसरलेला असतो, सगळ्यात आत चिकट शेंबडासारखा पदार्थ, त्यात मिसळलेलं पाणी, आणि सगळ्यात वर तेलाचा अगदी बारीक थर. हे तेल येतं कुठून तर पापणीच्या कडेतून. वरच्या पापणीत २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० बारीक ग्रंथी ओळीने उभ्या असतात, त्यांची तोंडं पापणीच्या काठावर उघडतात आणि आपण डोळा मिटला की दाब पडून थोडंथोडं तेल बाहेर येतं. त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात, १६६६ साली मायबोम नावाच्या जर्मन डॉक्टराने त्यांचं सविस्तर वर्णन केलं म्हणून. आता हे तेल घट्ट झालं, तोंडं बुजली, किंवा तू डोळेच मिटत नसशील तर वरचा थर विरळ होतो, खालचं पाणी भराभर उडून जातं, बुबुळ उघडं पडतं, त्याला झोंबतं, आणि मग डोळा घाबरून एकदम भसकन पाणी सोडतो. कांदा चिरताना येतं ना, त्याच जातीचं पाणी ते. त्याच्यात तेल नसतं, ते टिकत नाही, गालावरून ओघळून जातं आणि पाच मिनिटांनी परत कोरडं ते कोरडंच. म्हणजे पाणी गळतंय ही कोरडेपणाचीच खूण असू शकते. डॉक्टर बरोबर होते, फक्त हे एवढं सांगायला त्यांना वेळ नव्हता, आणि त्यांच्याकडे रांग केवढी असते हे मी बघितलंय त्यामुळे मी त्यांना फार बोल लावणार नाही.

आपल्याकडे 'डोळ्यात तेल घालून' काम करतात ना, तुझ्या बाबतीत काम करता करता तेलच आटलंय.

आता एक गंमत कर. शेजारच्या टेबलवरच्या मैत्रिणीला सांग की मी एंट्री मारत असताना, मला न सांगता कधीतरी, मिनिटभर माझ्या पापण्या किती वेळा लवतात ते मोज. न सांगता हे महत्त्वाचं, नाहीतर तू मुद्दाम लवशील. गप्पा मारताना माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा डोळे मिचकावतो. स्क्रीनसमोर तोच माणूस ५ ते ७ वर येतो. आणि त्यातले निम्मे तर अर्धवट, म्हणजे वरची पापणी निम्मी खाली येते आणि परत वर, खालच्या पापणीला टेकतच नाही, मग तेल बाहेर यायला जो दाब लागतो तो पडतच नाही आणि बुबुळाचा खालचा पट्टा दिवसभर वाऱ्यावर. डॉक्टर नारंगी रंगाची पट्टी डोळ्याला टेकवून निळ्या उजेडात बघतात ना, त्यात तो खालचा पट्टा ठिपक्याठिपक्यांनी हिरवा चमकतो, मी कितीतरी बघितलेत. त्याच वेळी ते पेशंटला डोळा उघडा धरायला सांगून सेकंद मोजतात, अश्रूंचा पडदा १० सेकंदांच्या आत फाटायला लागला तर तो कमी टिकतोय असं धरतात.

त्यामुळे पहिलं औषध फुकटचं. डोळे हळू मिटायचे, पूर्ण मिटायचे, मिटलेले असताना वरची पापणी खालच्या पापणीवर दोन सेकंद अलगद दाबायची, मग उघडायचे. असं दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. ते वीस-वीस-वीसचं तू ऐकलं असशीलच, २० मिनिटांनी २० फूट लांब २० सेकंद बघायचं, ते चांगलंच आहे पण खरं सांगू का, कोणी करत नाही, मी स्वतः केलं नाही. त्यापेक्षा कशाला तरी जोडून टाक. व्हाउचरचा गठ्ठा संपला की दहा वेळा डोळे मिट, फोन वाजला की बोलताना स्क्रीनकडे न बघता दाराबाहेर बघ, प्रिंट निघतेय तोवर डोळे मिटून बस, कोणी विचारलं तर म्हण ताईंनी सांगितलंय.

आणि तुमचा मॉनिटर कसाय ते बघ. बऱ्याच ऑफिसांत मॉनिटर सीपीयूवर चढवून ठेवलेला असतो, मग मान वर करून बघायचं. वर बघितलं की डोळे जास्त उघडे राहतात आणि तेवढं जास्त पाणी उडतं. स्क्रीनची वरची कड डोळ्याच्या पातळीला किंवा थोडी खाली हवी, म्हणजे नजर किंचित खाली पडते आणि पापणी अर्धी झाकलेली राहते. हाताच्या लांबीवर ठेव. फार काही खर्च नाही, सीपीयू टेबलाखाली सरकव झालं.

आता वारा. तुमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तिथे मी कूलर बंद कर म्हणणार नाही, तू मला शिव्या घालशील आणि बरोबरच आहे. कूलरची हवा तशी दमट असते, त्यामुळे एसीपेक्षा बरी, पण भानगड ही की तो माणसाच्या तोंडासमोरच ठेवलेला असतो. थोडा वळव, अंगावर येऊ दे, तोंडावर नको. ऑफिसात डोक्यावर पंखा असेल तर खुर्ची हातभर सरकव. एसी असेल तर त्याची पट्टी वर कर. स्कूटीवर हेल्मेटची काच खाली घेतेस का? बऱ्याच बायका रुमालाने अख्खं तोंड गुंडाळतात आणि नेमके डोळे तेवढे उघडे, म्हणजे ज्याला झाकायचं तेच उघडं! काच खाली घे, किंवा कडेने बंद असलेला साधा गॉगल लाव, रात्रीसाठी बिनरंगाचा मिळतो. आणि हिवाळ्यात तुमच्या शेतातल्या भरीत पार्ट्या, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतात तेव्हा त्या धुराच्या बाजूला तू उभी राहू नकोस, भाजायचं काम दुसऱ्याला दे, तू खायच्या बाजूला बस.

सकाळी पापण्या चिकटतात असं लिहिलंयस, ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं. संध्याकाळकडे त्रास वाढत जातो तो बहुतेक स्क्रीनचा आणि वाऱ्याचा. पण सकाळी उठल्या उठल्या त्रास असेल तर दोन गोष्टी बघायच्या. एक, पापण्यांच्या मुळाशी कोंडा जमतोय का. आरशात अगदी जवळून बघ, पापणीच्या केसांच्या बुडाशी पांढरे पिवळे कपचे, कडा लालसर आणि जाड, असं दिसतंय का, डोक्यात कोंडा असेल तर पापण्यांतही असायची शक्यता बरीच. दुसरं, झोपेत डोळे पूर्ण मिटतात का. हे आपलं आपल्याला कळत नाही, मिस्टरांना सांग की रात्री एकदा मोबाईलचा मंद उजेड दुरून पाडून बघा. माझ्याबाबतीत हेच होतं, रिटायर झाल्यावर सहा महिने मी सकाळी डोळे चोळत उठायचे आणि माझ्याच ज्ञानाच्या जोरावर स्वतःला अॅलर्जी ठरवून मोकळी झाले होते, शेवटी नातीने सांगितलं की आजी तू डोळे उघडे ठेवून झोपतेस, मला भीती वाटते. थोडीशी फट राहायची आणि वर पंखा पाचवर. आता रात्री झोपताना जेल घालते आणि पंखा पायाकडच्या बाजूचा लावते.

पापण्यांसाठी शेक. हे नीट वाच, कारण सगळे करतात ते चुकीचं करतात, म्हणजे हात एकमेकांवर घासून डोळ्यांवर ठेवले, दोन मिनिटांत झालं, त्याने बरं वाटतं पण तेल वितळत नाही. साचलेलं ते तेल थिजलेल्या तुपासारखं झालेलं असतं, ते पातळ व्हायला साधारण ४० अंशांची ऊब आठ-दहा मिनिटं लागोपाठ मिळायला हवी. स्वच्छ रुमाल गरम पाण्यात बुडवून पिळून घ्यायचा, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा, सोसवतंय पण भाजत नाही असा हवा, मग मिटलेल्या डोळ्यांवर. ओला रुमाल दोन मिनिटांत गार होतो, म्हणून भांडं शेजारीच ठेव आणि परत परत बुडव. कंटाळा येत असेल तर स्वच्छ सुती मोज्यात मूठ-दोन मूठ कोरडे तांदूळ भरून गाठ मार आणि ते गरम करून घे, ती ऊब जास्त वेळ टिकते, पण तिथेही मनगटाची परीक्षा आधी, तांदूळ आतून जास्त तापलेले असतात. शेकून झालं की लगेच, बोट स्वच्छ धुतलेलं, वरच्या पापणीवरून वरून खाली आणि खालच्या पापणीवरून खालून वर, पापण्यांच्या केसांच्या दिशेने अलगद फिरवायचं. डोळा दाबायचा नाही, पोळीला तूप लावतो तेवढाच हात. मग उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस ओला करून मिटलेल्या पापणीची कड पुसून घ्यायची, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. कोंडा जास्त असेल तर त्या पाण्यात लहान बाळाच्या शाम्पूचा एखादा थेंब, किंवा पापण्या पुसायचे तयार वाइप्स मिळतात ते.

रोज एकदा, जमलं तर दोनदा. आणि दोन-तीन आठवडे केल्याशिवाय फरक पडत नाही म्हणून सोडू नकोस, लोक चार दिवस करतात आणि मग म्हणतात शेकून काही होत नाही. रांजणवाडी सारखी सारखी होणाऱ्यांनाही हाच शेक, ती पण या बुजलेल्या तोंडांचीच भावंडं.

आता मेडिकलवाल्याचे थेंब, याच्यावर मला खरंच राग येतो. टाकले की पाच मिनिटांत पांढरे आणि दोन तासांनी जास्त लाल, हे वर्णन ऐकूनच मला वाटतं की त्यात नॅफाझोलीन किंवा तसलं काहीतरी असणार. ते डोळ्याच्या रक्तवाहिन्या आवळतं, लाली झाकली जाते, कोरडेपणा जिथल्या तिथे. असर उतरला की वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात, मग परत थेंब, हे चक्र. ते बंद कर, दोन-चार दिवस लाली जास्त वाटेल, घाबरू नकोस, उतरेल. पण त्याआधी बाटलीवरचं बारीक अक्षर वाच, म्हणजे चष्मा लावून वाच. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल असलं काही दिसलं तर ते स्टिरॉइड. स्टिरॉइड वाईट नसतं, योग्य वेळी डॉक्टर देतात तेव्हा डोळा वाचवतं, पण काउंटरवरून घेऊन महिनोन्‌महिने टाकत राहिलं की डोळ्याचं प्रेशर वाढतं, काचबिंदू होतो, मोतीबिंदूही लवकर येतो. आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. आमच्याकडे एकदा एक शेतकरी आले होते, चष्म्याचा नंबर वाढलाय बघा म्हणत. डोळे खाजायचे म्हणून दोन वर्षं तीच बाटली संपली की तीच परत आणायचे, रिकामी बाटली खिशात घेऊनच फिरायचे म्हणजे नाव विसरायला नको. मी प्रेशर घेतलं आणि परत घेतलं, मला वाटलं यंत्रच बिघडलंय. यंत्र बरोबर होतं. समोरचं अक्षर ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होते पण बाजूने उभी असलेली त्यांची बायको त्यांना दिसत नव्हती. तेव्हापासून मी कोणाचीही बाटली हातात घेऊन वाचल्याशिवाय सोडत नाही, लग्नकार्यात सुद्धा. तर तुझ्या बाटलीत स्टिरॉइड निघालं आणि तू बरेच दिवस टाकत असशील तर परस्पर बंदही करू नकोस, दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखव आणि प्रेशर मोजून घे.

डॉक्टरांनी लिहून दिलेली जी बाटली पडून आहे ती बहुतेक कृत्रिम अश्रूंची असणार, कार्बॉक्सीमिथाइलसेल्युलोज, हायप्रोमेलोज, सोडियम हायल्युरोनेट यातलं काहीतरी लिहिलेलं असेल. तीच खरी तुझी. ती टाकल्यावर जादू होत नाही म्हणूनच लोक ती टाकून देतात! ती रोज, ठरलेल्या वेळी, त्रास व्हायच्या आधी टाकायची, म्हणजे ऑफिसात बसलं की एकदा, जेवल्यावर एकदा, निघताना एकदा. एका वेळी एकच थेंब. डोळ्यात एरवी जेवढे अश्रू असतात त्याच्या चार-पाचपट एका थेंबात असतं, दुसरा थेंब गालाला जातो आणि पैसे पण. खालची पापणी जरा ओढून तिथे जो खिसा होतो त्यात टाक, बाटलीचं टोक पापणीला टेकवू नकोस, मग मिनिटभर डोळे मिटून बस. दिवसात चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर बिनप्रिझर्व्हेटिव्हचे मागून घे, कारण साध्या बाटलीत औषध टिकवायला बऱ्याचदा बेन्झाल्कोनियम क्लोराइड घातलेलं असतं आणि ते जास्त वेळा गेलं की तेच डोळ्याला झोंबायला लागतं. बाटली फोडली त्या दिवसाची तारीख मार्करने तिच्यावर लिही, महिना झाला की उरलेली फेकून दे, उरली म्हणून सासूबाईंच्या डोळ्यात नको. रात्रीसाठी जेल मिळतं, त्याने थोडा वेळ धूसर दिसतं म्हणून ते झोपतानाच.

सासूबाईंचं गुलाबपाणी. त्यांचं मन दुखवायचं नाहीये, पण बाटलीतलं गुलाबपाणी निर्जंतुक नसतं आणि त्यात वास टिकवायला काय काय घातलेलं असतं ते डोळ्याला कळतं. तेच मधाचं, तेच दुधाचं. घरच्या काजळाचं म्हणशील तर पापणीच्या आतल्या काठावर जिथे आपण काजळाची रेघ ओढतो ना, बरोब्बर तिथेच त्या तेलाच्या ग्रंथींची तोंडं आहेत, म्हणजे आपण रोज बोळे बसवतोय. बाजारच्या सुरम्यात शिसंही सापडतं. लावायचंच असेल तर केसांच्या बाहेरच्या बाजूने लाव आणि झोपण्याआधी पुसून टाक. काकडीच्या चकत्या ठेवायच्या तर खुशाल ठेव, डोळे मिटून दहा मिनिटं पडून राहायला मिळतं हाच त्यातला निम्मा फायदा, आणि खाज सुटली तर गार पट्टी बरीच. चोळायचं मात्र नाही, कितीही वाटलं तरी.

ब्लू कट चष्मा घेऊ नकोस. दुकानात एक निळा टॉर्च एका कार्डावर मारतात, मध्ये काच धरली की निळा ठिपका गायब, आणि आपण तोंडात बोट घालतो. काच निळा उजेड अडवते हे खरंच आहे, पण डोळे त्या उजेडाने थकत नाहीत, न मिचकावल्याने थकतात. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे निकाल पडताळणाऱ्या संस्थेने १७ चाचण्या एकत्र तपासून केलेल्या आढाव्यात साध्या काचेपेक्षा या काचेने डोळ्यांचा ताण कमी होतो असं काही दिसलं नाही. त्याऐवजी मला सांग, तुझी चाळिशी झालीय का? ४७ म्हणजे लागलेलीच असणार, तू पत्रात चष्म्याचं अवाक्षर काढलेलं नाहीस यावरून मला वाटतंय की तू लेजर लांब धरून वाचतेस आणि चालवून नेतेस. नंबर काढ. स्क्रीन आणि कागद दोन्ही अंतरांचा विचार करून घे, चष्मेवाल्याला सांग की माझं काम कॉम्प्युटरचं आहे. नंबर नसताना डोळे ताणून बघितलं की मिचकावणं आणखी कमी होतं, आणि कपाळ दुखतं ते वेगळंच.

पाळीचा संबंध नसेल म्हणतेस, तर आहे. पाळी जायच्या सुमारास हार्मोन्स बदलतात तसे अश्रू आणि ते तेल दोन्हीवर परिणाम होतो, म्हणूनच या वयातल्या बायकांत हा त्रास पुरुषांपेक्षा जास्त दिसतो. आणि ते सेट्रिझिन! ते नाकाचं पाणी सुकवतं तेव्हा डोळ्यांनाही थोडं सुकवतंच. रोज घ्यायची खरंच गरज आहे का, नाकात मारायचा स्प्रे चालेल का, हे तुझ्या फॅमिली डॉक्टरांना विचार. झोपेच्या, डिप्रेशनच्या, ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी, पिंपल्ससाठीच्या आयसोट्रेटिनोइनने पण असंच होतं, त्यामुळे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून ने. शुगर आणि थायरॉइड एकदा तपासून घे. आणि एक विचारते, तोंडपण कोरडं पडतं का, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही असं होतं का, सकाळी बोटांचे सांधे आखडतात का? असेल तर डॉक्टरांना हे मुद्दाम सांग, कारण शोग्रेन नावाचा एक आजार असतो, त्यात शरीर स्वतःच्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उठतं, तो दोन मिनिटांच्या तपासणीत सापडत नाही. पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं अडकवून किती मिलिमीटर ओली झाली ते बघतात, त्या टेस्टने सुरुवात होते, ५ च्या आत राहिली तर चांगलीच कमी.

माशाच्या तेलाच्या कॅप्सूलबद्दल तू विचारलं नाहीस पण कोणीतरी सांगेलच, म्हणून. अमेरिकेत ५३५ जणांवर वर्षभर चाचणी झाली, २०१८ मध्ये निकाल आला, रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा थ्री घेणाऱ्यांना ऑलिव्ह ऑइल घेणाऱ्यांपेक्षा काही जास्त फायदा झाला नाही. जवसाची चटणी मात्र खा, ती भाकरीबरोबर चांगली लागते म्हणून.

यातलं काहीही करत न बसता सरळ दवाखाना गाठायचा तो कधी, तर नुसतं चुरचुरणं नाही तर खरं दुखणं असेल, उजेड सहन होत नसेल, नजर कमी झाली असेल, एकाच डोळ्याला अचानक झालं असेल, पू येत असेल, दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असतील, किंवा लेन्स लावणाऱ्याचा डोळा लाल झाला असेल तर. आणि घरात तंबाखू खाणारं कोणी असेल तर चुन्याची पुडी पोरांच्या हाताला लागू देऊ नका, पिळली की डोळ्यात उडते आणि बुबुळ जाळते. तसं झालं तर गाडी शोधत बसायचं नाही, तिथल्या तिथे नळाखाली निदान अर्धा तास डोळा उघडा धरून धुवायचा, चुन्याचे कण ओल्या कापसाने काढायचे आणि मग निघायचं. हे तुझ्यासाठी नाही, पण डोळ्यांवर लिहायला बसले की हे लिहिल्याशिवाय मला उठवत नाही.

तर तुझं असं कर, आज रात्रीपासून शेक, उद्या ऑफिसात मॉनिटर खाली, पडलेली बाटली चालू. सरकारी जिल्हा रुग्णालयातही डोळ्यांचा विभाग असतो, सकाळी लवकर गेलीस तर नंबर आणि प्रेशर दोन्ही होऊन जाईल, अर्धी रजा पुरेल. सासूबाईंना म्हणावं गुलाबपाणी गुलाबजामच्या पाकात घालू, रविवारी करू. आणि मेडिकलवाल्याच्या त्या बाटलीवरचं बारीक अक्षर मला आजच्या आज टाइप करून पाठव.